डावीकडची लाल कडी

२८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. हा फक्त कागदावरचा. प्रत्यक्षात मी कंबर धरून बसले आहे, वाकणं दोन दिवस बंद आहे.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. इथे फोनचा टॉवर दिसतो, पण फोनला तो दिसत नाही. दर शनिवारी टँकरवाले काका पिण्याचं पाणी घेऊन येतात, तेच टपाल आणतात आणि नेतात. म्हणून सध्या माझं जग शनिवार ते शनिवार आहे.

नोकरी साधी आहे. खाडीच्या चिखलात बारा खांब रोवलेत, त्यावर लाल-पांढरे पट्टे आणि आकडे. रोज जाऊन पाणी कुठल्या आकड्यापर्यंत आलं ते लिहायचं. राहायला दोन खोल्या, एक टेबल, एक वायरलेस. आणि मला एक जीप मिळाली आहे! ऑफिसच्या गोदामात सात गाड्या धूळ खात उभ्या होत्या. सहा ढिम्म हलल्या नाहीत, ही पहिल्या किल्लीला सुरू झाली, म्हणून ही माझी. वरून ऑफिसचा हिरवा रंग फासलाय, आत किती जणांनी वापरली असेल देव जाणे.

इथली जमीन फसवी आहे. दिसायला कोरडी. पाय ठेवला की ठसा उमटतो आणि आपण बघत असतानाच तो खालून पाण्याने भरतो. मागे वळून पाहिलं की आपल्या मागे चकचकीत गोल आरशांची रांग लागलेली असते. पहिले दोन दिवस मी मागे वळून बघायचंच बंद केलं होतं.

तर काल जीप बुडाली, पार दारापर्यंत. काका नशिबाने काल जादा फेरीला आले होते. त्यांनी दोर काढला आणि सरळ बंपरला गाठ मारायला लागले. मी अशी ओरडले की काकांच्या हातून दोर पडला. त्यांना काय माहीत, बाबांनी बंपरला बांधलं आणि त्यातच ते गेले हे आमच्या घरात मला पाढ्यांच्या आधी शिकवलंय. आई अजून म्हणते, 'त्यांना घाई नडली.' मग आम्ही दोघांनी तीन तास खणून, फळ्या घालून गाडी काढली. कंबरेचं कारण ते.

तू तीस वर्षं रुतलेल्या गाड्याच ओढून काढल्यास. मला नीट सांग, बांधायचं कुठे?

तुझी,
भिंगरी


६ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तीन तास खणलंस ते उत्तम केलंस. कंबर दुखतेय, पण आहे ना जागेवर? बास.

आता नीट वाच, आणि वाचून पत्र चहाच्या कपाखाली ठेवू नकोस. पुस्तकात त्याला रिकव्हरी पॉइंट म्हणतात, आम्ही नुसतं 'जागा' म्हणायचो. ही जागा चासीवर हवी, म्हणजे गाडीच्या मुख्य लोखंडी सांगाड्यावर. खाली झोप, टॉर्च मार आणि हाताने चाचप. जाड लोखंड, दोन बोल्ट, ते आरपार चासीत गेलेले. बोल्टच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतील तर चांगला माल. आकडे नसतील तर त्याच्यावर जीव टाकायचा नाही. ट्रेलरचा गोळा असतो तो ट्रेलरसाठी. त्याला बुडालेली गाडी लावली तर तो तोफेतून सुटल्यासारखा सुटतो. आणि गाडी ट्रकवर चढवून लांब पाठवताना बांधायला बारीक कड्या दिलेल्या असतात. त्या दिसायला हुबेहूब आपल्या जागेसारख्या असतात आणि त्यांच्यात काही दम नसतो.

ओढण्याआधी चाकांपुढचा चिखल काढ. चिखलाने धरलेली गाडी तिच्या वजनाच्या दुप्पट जड होते. ओढ सरळ रेषेत. पट्टा वापर, ज्याला लोखंडी हुक नाही असा. जवळ कोणी उभं राहायचं नाही, अगदी कुणी साहेब आला तरी त्याला हाकल.

आणखी एक. ताणलेल्या पट्ट्याच्या मध्यावर काहीतरी जड, ओलं टाकायचं. तुटला तर तो जमिनीकडे जातो, माणसाकडे येत नाही. तुझे बाबा स्वतःचा कोट पाण्यात बुडवून टाकायचे. गोणपाट समोर पडलेलं असलं तरी कोटच. मी चिडवायचो, दाजी, धोब्याचा धंदा काढा.

जुनी गाडी असेल तर खाली लाल रंग दिसतो का बघ. आमच्या धंद्यातले लोक तपासलेल्या जागेवर लाल ब्रश फिरवायचे, म्हणजे चिखलात हात घालताना शोधावं लागत नाही. लाल दिसला तर समज, कुणीतरी आधी खाली झोपून पाहिलंय.

तब्येत सांभाळ. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा मामा


१४ मार्च

प्रिय मामा,

सापडली! पाठीखाली चटई टाकून गाडीखाली गेले. पुढे डावीकडे एक कडी, चिखलाखाली लाल रंग. आमच्या गाडीचा आधीचा मालक तुझ्याच जातकुळीतला दिसतो. उजवीकडे एक जाडजूड हुक आहे, दोन बोल्टचा, पण त्यावर रंगाचा थेंब नाही. त्याला मी सोडून दिलं. लालवर भरवसा.

पण वेल्डिंग बघून तू कपाळाला हात लावशील. डोळे मिटून केलंय. एका बाजूला अंगठ्याएवढा लोखंडाचा गोळा, दुसऱ्या बाजूला नुसता ओघळ. तू म्हणायचास ना, वेल्ड बघून माणसाचा मूड कळतो. या माणसाचे हात थरथरत होते, पैज लावते.

रंग उडत आला होता, म्हणून खांबांच्या डब्यातला लाल घेऊन मी नवा हात मारला. आणि ऐक. सकाळी बघते तर रंग खरवडलेला. उडालेला नाही, खरवडलेला, चार समांतर रेघा, थेट लोखंडापर्यंत. मला वाटलं कोल्हा असेल, इथे येतात. परत रंगवली. परत तेच. शेजारचा बंपर, चाक, कुठे ओरखडा नाही. कोल्ह्याला बरोबर तेवढीच कडी कशी आवडते? काका म्हणतात, खाऱ्या हवेने रंग सोलवटतो. म्हणू देत.

खालची जमीन मात्र रोज ओली असते, आणि गाडी तर सिमेंटच्या ओट्यावर उभी आहे.

आणि हो, बाबांचा कोट मला आठवतच नाही. आईने कधी दाखवला नाही. कसा होता?

तुझी,
भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो, दुकानात गर्दी आहे.

मला एवढंच कळव. डावीकडचं दार एकदा आपटून लागतं की दोनदा? हॉर्नच्या बटणाच्या जागी काय आहे?

रंगाचा नाद सोड. साहेबांकडे दुसरी गाडी माग. ही जुनी आहे, सुटे भाग मिळणार नाहीत. गाडी बदलेपर्यंत चिखलात उतरू नकोस.

कोट तपकिरी होता. तिसरं बटण तुटलेलं, त्या जागी तारेचा वेढा.

मामा


२८ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, तरी दोन मिनिटांत संपलं. दुकानात गर्दी? तुझ्या दुकानात दोन माणसं आली की तू त्यांना बसायला स्टूल देतोस आणि तासभर सोडत नाहीस. रागावलास का? की म्हातारा होत चाललास?

दार दोनदा आपटावं लागतं. हॉर्नच्या जागी बाटलीचं पत्र्याचं झाकण आहे, दाबलं की कुई करतं. तुला हे कसं माहीत? ही तुमच्याकडे कधी दुरुस्तीला आली होती का? तसं असेल तर मला फार बरं वाटेल.

दुसरी गाडी नाही. साहेब म्हणाले, चालतेय ना, मग चालवा.

आता जे लिहितेय ते आईला सांगू नकोस. कडी मी चौथ्यांदा रंगवली. हट्टाला पेटले म्हण. या वेळी संध्याकाळी ओट्याभोवतीची माती लाकडी पट्टीने सपाट करून ठेवली, कोल्ह्याची पावलं दिसावीत म्हणून. सकाळी रंग परत खरवडलेला, आणि पावलं होती, माणसाची. चिखलाकडून जीपकडे येणारी, प्रत्येक ठशात पाणी भरलेलं. उजवा पाय जरा बाहेर टाकणारा माणूस. परत जाणारी पावलं नव्हती. मी सगळीकडे शोधलं, मामा. ओट्याच्या मागे, गाडीखाली, आत. जीपच्या सीटवर कोणी नव्हतं, सीट मात्र ओली होती.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण गंमत अशी की त्या सीटवर बसल्यावर भीती गेली. का ते सांगता येणार नाही.

५ तारखेला शनिवार आहे आणि मोठी भरती. बाराव्या खांबाचा आकडा त्याच दिवशी हवाय, सहा महिन्यांतून एकदाच मिळतो. तिथली जमीन सगळ्यात वाईट आहे, गाडी रुतणारच. काकांशी बोलून ठेवलंय. ते टँकर घेऊन तिकडेच येतील आणि ओढतील. टँकरच्या मागे टाकी आणि नळ, म्हणून ते तोंडाकडून बांधून रिव्हर्समध्ये ओढतात, माझ्या समोरासमोर. काळजी करू नकोस. त्यांना सांगितलंय, डावीकडे, लाल कडी.

तुझी,
भिंगरी


३ एप्रिल

भिंगरी,

त्या लाल कडीला काही बांधू नकोस. हे पत्र तिथेच ठेव आणि आधी काकांना सांग, मग पुढचं वाच.

तुझ्या ऑफिसला काल तीन वेळा फोन केला. म्हणाले, वायरलेसवर निरोप देतो. चौथ्यांदा केला तेव्हा उचलणाऱ्याला माझं नावसुद्धा आठवेना. म्हणून टँकरच्या डेपोत माणूस पाठवून हे पत्र काकांच्या हातात द्यायला सांगतोय. ते शनिवारी तुझ्याकडे येतील. वेळेत वाचशील का, मला माहीत नाही.

ती गाडी आमची आहे. मी आणि दाजींनी मिळून घेतलेली. दार मी दोनदा आपटायचो, झाकण दाजींनी बसवलं होतं, तू 'कुई' ऐकून हसायचीस म्हणून.

लाल रंग द्यायची पद्धत माझी. नियम एकच होता, आधी खाली झोपून बघायचं, मग ब्रश. या गाडीखाली मी झोपलो, उजवीकडचा हुक बघितला, पक्का होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. उठलो, बाहेरूनच डावीकडची कडी दिसली, म्हटलं जोडी आहे, तशीच असणार, आणि तिच्यावर ब्रश फिरवला. उजवीकडचं रंगवायचं राहून गेलं. ती कडी गाडी ट्रकवर बांधून न्यायला दिलेल्या बारीक कड्यांतली होती. पातळ पत्र्यावर बसवलेली.

पुढच्याच आठवड्यात मी हीच गाडी घेऊन चिखलात अडकलो. दाजी दुसरी गाडी घेऊन आले. अंगात ताप होता. आमची पद्धत समोरासमोर ओढायची, एकमेकांचा चेहरा दिसतो, खुणा करता येतात. त्यांनी लाल बघून पट्टा लावला. माझा रंग होता, ते तपासतील कशाला? मग कोट काढायला लागले. मी काचेतून ओरडलो, राहू द्या, थंडी आहे, अंगावरच ठेवा. त्यांनी ऐकलं.

कडी सुटली आणि त्यांच्या काचेतून आत गेली. मी समोर बसून पाहिलं.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. माणसं जमायच्या आत मी कडी उचलली. दुसऱ्या दिवशी चौकशीवाले यायच्या आधी ती परत वेल्ड केली, वरून लाल रंग दिला, बंपर वाकवला आणि सांगितलं, त्यांनी बंपरला बांधलं. एकवीस वर्षं तुझी आई म्हणते त्यांना घाई नडली. घाई माझी होती. गाडी लांबच्या दलालाला विकली, पुन्हा डोळ्यांसमोर नको म्हणून.

तुझ्या वेल्डच्या वर्णनावरूनच मी ओळखलं होतं.

दाजी उजवा पाय बाहेर टाकून चालायचे.

मामा


५ एप्रिल

मामा,

काका जिवंत आहेत. मीही. हे आधी लिहिते, कारण तू पुढचं वाचेपर्यंत श्वास धरून बसशील.

तुझं पत्र काकांच्या शर्टाच्या खिशात होतं आणि ते माझ्या गाडीपुढे गुडघ्यावर बसून लाल कडी शोधत होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की घाईचं आहे. डेपोतल्या माणसाने 'पोरीला द्या' एवढंच म्हटलं.

आकडा घेऊन झाला होता. पाणी चढत होतं, चाकं दिसेनाशी झाली होती. काकांनी कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाले, "इथे कोट कशाला बांधलाय?" मी म्हटलं, माझा नाही. मीही हात घातला. खरंच कापड होतं, जाड, थंड. बाह्यांचे दोन वेढे कडीभोवती आणि वर गाठ. भिजून अशी आवळलेली की नख शिरेना. काका चाकू आणायला निघाले. पाणी सीटला टेकलं होतं. मी म्हटलं, जाऊ द्या, उजवीकडे हुक आहे, दोन बोल्ट आहेत, चासीत गेलेत, मी पाहिलंय. पट्टा तिथे लावला.

काका टँकरमध्ये बसले, मी जीपमध्ये. समोरासमोर. त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता, भुवईवर चिखल लागलेला. पट्टा पाण्यातून वर आला, ताणला गेला, आणि त्याच्या बरोबर मध्यावर तो कोट होता. बाह्या दोन्हीकडे लोंबत होत्या, पाणी निथळत होतं. मला वाटलं काकांनी टाकला. काकांना वाटलं मी टाकला. जीप एका दमात निघाली.

उतरून बघितलं तर पट्टा होता, कोट नव्हता. आम्ही दोघांनी शोधला. काका म्हणाले, पाण्याने नेला. मी हो म्हटलं. तिसऱ्या बटणाच्या जागी तार होती, ती गाठ सोडवताना माझ्या बोटाला लागली. अजून ओरखडा आहे.

मग काकांनी खिशातून तुझं पत्र काढलं. मी बॉनेटवर बसून वाचलं. काका शेजारी बिडी ओढत होते आणि मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी सांगत होते. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. पत्र वाचून खाली वाकले आणि ती कडी हाताने ओढली, मामा. नुसत्या हाताने. निघून आली. आता टेबलावर आहे, हे लिहिताना कागदावर तीच ठेवली आहे.

मी चार वेळा तिला रंग दिला. चार वेळा बाबांनी तो खरवडला. यापेक्षा स्पष्ट त्यांनी कसं सांगायचं होतं? आणि तू तर लिहू शकत होतास. एकवीस वर्षांपूर्वीचं मी कदाचित कधीतरी समजून घेईन, तू तरुण होतास, घाबरलास. १९ तारखेपासून ३ तारखेपर्यंतचं मला समजत नाही. एक ओळ पुरली असती. त्या पंधरा दिवसांत तू माझा जीव नाही, काकांचा जीव टांगून ठेवलास, आणि मला तू व्हायला पाठवलंस.

आता आईकडे जा. पत्र नको लिहूस, समोर बसून सांग. सांगून झालं की मला कळव. त्याआधी मला काही लिहू नकोस.

भिंगरी


१३ एप्रिल

चि. भिंगरीस,

सांगितलं.

तुझी आई भाजी निवडत होती. मी सुरुवात केली तेव्हा तिने निवडणं थांबवलं नाही. संपेपर्यंत तिने सगळी जुडी निवडली, मग देठं पुन्हा पानांत मिसळली आणि परत निवडायला लागली. रडली नाही. मीच रडलो. पन्नाशी उलटलेला बाप्या तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडत होता आणि तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबर केलं.

मग म्हणाली, "मी त्यांना एकवीस वर्षं घाईचा म्हटलं." एवढंच. दहा वेळा तेच म्हणाली.

तुझं पत्र वाचून दाखवलं. कोटाचं आलं तशी उठली. म्हणाली, काहीतरीच काय, कोट माझ्याकडे आहे. हॉस्पिटलातून आणला तेव्हा ट्रंकेत ठेवला, वर कुलूप घातलं, त्यानंतर उघडली नाही. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती, मी स्वतः पाहिली. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. ट्रंकेवर तुझ्या शाळेच्या वह्यांचे गठ्ठे होते, त्यांच्यावर धूळ होती, मीच पुसली.

कोट आत होता, घडी घातलेला. ओला. ट्रंकेच्या तळाशी बोटभर पाणी साचलं होतं, खारट. बाह्या चिखलाने भरल्या होत्या आणि पार चुरगळल्या होत्या, गाठ मारून सोडल्यासारख्या. उजव्या बाहीच्या टोकाला लाल रंग होता. माझा नाही, भिंगरी. माझा लाल गडद असायचा. हा तुझ्या खांबांचा.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तुझी आई घाबरली नाही. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, बराच वेळ तसाच धरला, तिचा पदर भिजला. मग मोरीत नेला, पिळला, अंगणातल्या दोरीवर घातला. तिसऱ्या बटणाची तार तिने बोटाने सरळ केली. आज चौथा दिवस आहे. ऊन कडक आहे, बाकीचे कपडे तासाभरात कडकडीत वाळतात. तो गळतोच आहे.

तिचा निरोप आहे. सुट्टी काढ आणि ये, आणि ती कडी घेऊन ये, तिला ती हातात धरून बघायची आहे. मला काही निरोप नव्हता. आज निघताना मी दोरीखाली थांबलो, दाजींना काहीतरी म्हणावं म्हणून. तेवढ्यात ती दारात आली. कोट दोरीवर घातल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून माझ्याशी बोलली.

म्हणाली, "दादा, बाजूला हो. ते कोट टाकतात तेव्हा जवळ कोणी उभं राहायचं नसतं."

मामा